कडू सिस्टरने बसवलेला काटा

टेकडीवरच्या वस्तीत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. "कडू सिस्टर आली का?" असंच विचारायचे, आणि तेही तिच्या कानावर पडेल इतक्या मोठ्याने. एका नव्या सुनेने एकदा न राहवून विचारलं, "सिस्टर, तुम्हाला राग नाही का येत असं म्हटल्यावर?" सिस्टर तिच्या सासऱ्यांना सुई टोचत होती. सुई काढून कापूस दाबत म्हणाली, "येतो की. पण तो मी गोड बोलणाऱ्यांसाठी राखून ठेवते."

वय त्रेपन्न. आरोग्य केंद्रातली नोकरी एकतीस वर्षांची, त्यातली पहिली वीस वर्षं वॉर्डात गेली आणि पुढची अकरा टेकडीच्या फेरीवर. रोज सकाळी खालून निघायचं, नऊ वळणांचा चढ चढायचा आणि दुपारपर्यंत चौदा घरं करायची. कुणाचं इन्सुलिन, कुणाची जखम, कुणाची लघवीची नळी, आणि प्रत्येकाचं बीपी. बसगाड्या चौथ्या वळणाखालीच थांबत. त्यापुढे ज्याचे पाय धड तो चालायचा, आणि ज्याचे धड नाहीत त्याच्याकडे सिस्टर जायची.

ही फेरी तिचा जीव की प्राण होती. तसं ती कुणाला सांगणं शक्यच नव्हतं, पण वॉर्डाचं नाव काढलं की तिच्या कपाळावरची शीर उठायची. वॉर्डात चादरीची घडी कशी घालायची हेही मेट्रन सांगायची. टेकडीवर मात्र सिस्टरच्या वर आभाळ सोडून कुणी नव्हतं.

केंद्रात तिची आणखी एक मिरास होती, ती म्हणजे बीपीची यंत्रं. गोल डायलची सात यंत्रं होती. कुणाच्या तरी हातून पडायची आणि काटा शून्यावर यायचा बंद व्हायचा. दुरुस्तीला पाठवलं की दोन महिने परत येत नसत. मग सिस्टर चष्मा नाकावर ओढून बसायची, काच काढायची, नखाने काटा उचलायची, शून्यावर दाबून बसवायची आणि औषधांच्या खोलीतल्या जुन्या पाऱ्याच्या पट्टीशी ताडून बघायची. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरसुद्धा दारातून डोकावून म्हणायचे, "सिस्टर, जरा काटा बघता का?" काट्याच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायची केंद्रात कुणाची टाप नव्हती.

तिची जुनी गाडी एका सकाळी सहाव्या वळणावर बसली ती उठलीच नाही. आणि त्याच आठवड्यात धाकटीचा फोन आला, "ताई, आमची टर्बो गाडी देऊन टाकायचीय. बाहेरच्याला देण्यापेक्षा तू घे ना."

धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण. आई गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची आणि सिस्टर एकोणीसची. तिची वेणी, तिची पुस्तकं, तिचा गोवर, सगळं सिस्टरनेच निस्तरलं. त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं, त्याचं तिला फारसं काही नव्हतं. पण धाकटीने ज्याच्याशी लग्न केलं तो माणूस तिला पहिल्या चहापासून आवडला नाही. गृहस्थ भिंतींचे रंग विकायचा, आणि समोरच्याला काहीही कळत नाही हे गृहीत धरून बोलायचा. लग्नाला विरोध केला तो सिस्टरने उघडपणे, त्याच्या तोंडावर. त्यालाही ते विसरायचं नव्हतं. तेव्हापासून ती त्याला "जावईबापू" म्हणत असे. त्या शब्दात तिने साखर कधी घातली नाही.

गाडी द्यायला तो स्वतः आला. छोटीशी, पेट्रोलची, आठ वर्षं वापरलेली, पण नीट राखलेली. समोरच्या काचेच्या कडेला एका काळ्या वाटीत एक जादा डायल बसवली होती.

"हे बूस्ट मीटर," तो म्हणाला. "मी हौसेने बसवून घेतलंय. टर्बो इंजिनात किती हवा दाबतोय ते दाखवतं. काटा लाल पट्ट्यात गेला की पाय उचलायचा. इंजिन फुटतं नाहीतर."

"आणि हे डावीकडचे आकडे?"

"ते राहू द्या ताई. ते तुमच्या कामाचं नाही."

तिने पुढे एक अक्षर विचारलं नाही. त्यालाही सांगायची गरज वाटली नाही. किल्ली टेबलावर आली, चहा न पिता तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाडी सुरू केली आणि डायलकडे पाहिलं. काटा शून्याच्या डावीकडे, सहा खुणा खाली जाऊन थरथरत होता. पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता. गाडी जागची हलली नव्हती.

"बघा!" ती रिकाम्या गाडीत मोठ्याने म्हणाली. "बिघडलेलीच गळ्यात मारली."

तिचा हिशोब तिच्या परीने सरळ होता. बीपीच्या यंत्राचा फुगा दाबला नाही तर काटा शून्यावर असतो. फुगा दाबला की वर जातो. इथे पाय म्हणजे फुगा. पाय दाबलेला नाही, तर काटा शून्यावर हवा. बीपीच्या डायलवर शून्याच्या खाली काही नसतंच, त्यामुळे डावीकडचे आकडे तिने शोभेचे धरले. फोन करून विचारलं असतं तर दोन वाक्यांत उलगडा झाला असता, पण जावईबापूंना फोन करण्यापेक्षा तिने गाडी ढकलत नेली असती. पर्समधला छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला, डायलची कडा उघडली, नखाने काटा उचलला आणि चालू इंजिनावर शून्यावर नीट दाबून बसवला. कडा लावली, रुमालाने काच पुसली. केंद्रात हे काम तिने शंभर वेळा केलं होतं.

चूक झाली ती इथे. कुठल्याही मेकॅनिकने ती केली नसती, आणि ज्याला काट्यातलं ओ की ठो कळत नाही त्यानेही नाही.

संध्याकाळी घरी येऊन गाडी बंद केली तर काटा आपोआप उजवीकडे सरकून सहाव्या खुणेवर जाऊन बसला. बंद गाडीत दाब! तिच्या मते हे स्पष्टच होतं: बीपीच्या पट्ट्याची झडप चिकटते तशी इथली झडप चिकटली आहे, हवा आत अडकली आहे. जावईबापूंच्या नावावर दुसरा गुन्हा जमा झाला.

तिसरा टेकडीवर जमा झाला. तिसऱ्या वळणापासून चढ अंगावर येतो. तिने पाय दाबला की काटा सरसर दहावर, म्हणजे लाल पट्ट्याच्या तोंडाशी. ती पाय उचलायची. गाडीचा जोर जायचा. पुन्हा दाबायची, पुन्हा दहा, पुन्हा उचलायची. असं करत करत गाडी म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तशी वर यायची. मागून दुधाची गाडी हॉर्न वाजवत यायची. एकदा त्या दूधवाल्याने बाजूने काढताना काच खाली करून विचारलं, "सिस्टर, सलाईन लावू का गाडीला?"

"तुझ्या दुधाला लाव," ती म्हणाली. "पाणी तसंही त्यात आहेच."

दूधवाल्याची थट्टा परवडली. टेकडीच्या माथ्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब राहत, त्यांना इन्सुलिन आठच्या ठोक्याला लागायचं, आणि ते परवडणारे नव्हते. ते घड्याळ हातात घेऊन दारात उभे असत. इन्सुलिनची थंड पेटी केंद्रातून सव्वासातला मिळायची, त्याआधी निघणं शक्यच नव्हतं. जुन्या गाडीने ती आठला पाच कमी असताना पोचायची. आता आठ वाजून अकरा, आठ वाजून चौदा, आठ वाजून वीस. गार्डसाहेबांनी दर आठवड्याला केंद्राला पत्र धाडलं, रोजच्या मिनिटांसकट. प्रत्येक पत्रामागे मेट्रनने सिस्टरला एक चिठ्ठी दिली.

तिसऱ्या चिठ्ठीला मेट्रनने तिला खोलीत बोलावलं. शेजारी ब्रदर उभा होता. ब्रदर म्हणजे केंद्रातला पुरुष नर्स, वय सत्तावीस, नवी स्कूटर आणि केसांना इतकं तेल की माशी बसली तर घसरावी.

"तीन झाल्या सिस्टर," मेट्रन म्हणाली. "चौथी आली की टेकडी ब्रदरकडे. तुम्ही वॉर्डात."

"माझी चूक नाही. मेहुण्यांनी दोष लपवून गाडी विकली. टर्बोचा दाब भलताच चढतो. लेखी देते."

"लेखी द्याच. आणि सोमवारी मेकॅनिकच्या सहीचा कागदही आणा, काय दोष होता आणि काय दुरुस्त केलं त्याचा. नुसत्या तोंडाच्या वाफेवर मी वर काही कळवणार नाही."

ब्रदर खिडकीतून टेकडीकडे बघत होता, घर भाड्याने घ्यायला आलेल्या माणसासारखा. बाहेर पडताना त्याने अगदी आदराने विचारलं, "सिस्टर, टेकडीच्या औषधांच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असते ना?"

"माझ्याकडेच असते. आणि मी मेले की माझ्याबरोबर जळेल."

त्या शनिवारी संध्याकाळी ती धाकटीच्या घरी गेली. चप्पल दारात काढली नाही, म्हणजे बसणार नव्हती.

"जावईबापू, गाडी परत घ्या."

तो सोफ्यावर पाय पसरून होता. पाय त्याने खाली घेतले नाहीत. "का? रंग आवडला नाही?"

"तीन रोग आहेत तिला. एक, काटा शून्यावर नव्हता. दोन, बंद केल्यावर आत दाब राहतो. तीन, जरा पाय दाबला की लाल पट्ट्यात जाते."

"माझ्याकडे कधी लालच्या जवळही गेली नाही. वाघासारखी चढायची."

"वाघ म्हातारा झाल्यावर विकलात मग."

"ताई!" धाकटी आतून आली. "अगं, घरात आल्या आल्या..."

"तू मध्ये पडू नकोस. तुला कळलं असतं तर बावीस वर्षांपूर्वीच कळलं असतं."

धाकटीचा चेहरा पडला. नवरा मात्र आता उठून बसला. "हे बघा ताई, दोष गाडीत नाही. तुम्हाला टर्बो चालवता येत नाही. खरं ते सांगतो. चला, मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा आणि बघा."

"तुमच्या शेजारी आयुष्यभर बसायला माझी बहीण आहे. तेवढं एकीचं नुकसान पुरे."

"मग मेकॅनिककडे जा! मी जातो त्याच मिस्त्रीकडे जा. त्याने जर म्हटलं गाडीत दोष आहे, तर मी गाडी परत घेतो आणि तुमचे पायही धरतो. आणि नाही म्हटलं तर?"

"तर काय?"

"तर तुम्ही इथे याल, चप्पल काढाल आणि माझी माफी मागाल. हिच्यासमोर."

"चालेल," सिस्टर म्हणाली. धाकटी दाराशी उभी होती. तिच्याकडे न बघता ती जिना उतरली.

मिस्त्रीचं गॅरेज एका जुन्या गोदामात होतं. रविवारी दुपारी तो एकटाच असायचा. माणूस फार कमी बोलायचा. गिऱ्हाईक फार बोलायला लागलं की म्हणायचा, "एक तर तुम्ही सांगा, नाहीतर गाडीला सांगू द्या."

सिस्टरने गाडी उभी केली, बंद केली, आणि उतरता उतरताच तिन्ही रोग लक्षणांसकट सांगितले. मिस्त्रीने बोनेटला हात लावला नाही. तो खिडकीतून आत वाकला आणि डायलकडे बघत राहिला. इंजिन बंद. काटा उजवीकडे सहावर.

"मीटर खोटं बोलतंय," तो म्हणाला.

"मीटर खरं आहे. खोटी गाडी आहे. शून्य मी माझ्या हाताने लावलंय."

"कधी?"

"घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"इंजिन चालू होतं?"

"चालू नको? त्याशिवाय काटा दाखवणार काय?"

मिस्त्रीने हातातला पाना बोनेटवर ठेवला. मग तो हसला. आवाज करून, मान मागे टाकून, पोट धरून. सिस्टरचं रक्त उसळलं.

"हसायला काय झालं? एकतीस वर्षं काटे बसवतेय मी!"

"बसवलाय छान," तो डोळे पुसत म्हणाला. त्याने वाटीतून डायल बाहेर ओढली आणि मागची रबरी नळी काढून टाकली. डायल तिच्या तळहातावर ठेवली. "आता याला काहीही जोडलेलं नाही. तोंड उघडं आहे. काय दाखवायला पाहिजे?"

"शून्य," ती म्हणाली. उत्तर विचार न करता आलं. आणि मग तिने खाली पाहिलं.

उघड्या हवेत, कशालाही न जोडलेली डायल सहा दाखवत होती.

गाडीतून तिने आपली पिशवी काढली आणि बीपीचं यंत्र बाहेर घेतलं. पट्टा सोडवून त्याची नळी तीन तोंडांच्या जोडाने डायलला लावली. असला जोड तिच्या पिशवीत असायचाच. फुगा दाबत गेली. दीडशे. बूस्टचा काटा सहावरून आठवर गेला. तीनशे. काटा दहावर गेला. म्हणजे तीनशेला चार खुणा. हवा सोडली. काटा पुन्हा सहावर.

"चाल बरोबर आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "सुरुवात चुकलीय. पण मग चालू गाडीत हा सहा खाली का होता?"

आता मिस्त्री पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघून बोलला. "चालू इंजिन श्वास ओढतं बाई. पाय दाबलेला नसतो तेव्हा हवेची वाट जवळजवळ बंद असते, आणि आत ते ओढतच असतं. शहाळ्यातलं पाणी संपल्यावर नळीने ओढून बघा, गाल आत जातात की नाही? तसं. म्हणून काटा शून्याच्या खाली. पाय दाबला, वाट उघडली, की शून्याकडे येतो. टर्बो ढकलायला लागला की शून्याच्या वर. गाडी बंद म्हणजे बाहेरची हवा आणि आतली हवा सारखी. शून्य तिथे लावायचं."

"म्हणजे मला दहा दिसत होते तेव्हा..."

"खरे चार. चारवर तुम्ही पाय उचलत होता. अर्ध्या जोराने डोंगर चढवलात गाडीला एकवीस दिवस. गाडी गरीब आहे म्हणून चढली."

तिने डायल त्याच्या हातात दिली नाही. स्वतःच कडा उघडली, काटा उचलला. पुन्हा बसवला, शून्यावर. नळी जोडली, इंजिन सुरू केलं. काटा डावीकडे सहावर गेला. त्या जागी त्याला पाहून तिला आजही चीड आली, पण या वेळी कुणाची ते सांगणं कठीण होतं.

गोदामामागे पुलाचा उंच चढ होता. ती गाडी घेऊन तिथे गेली, मिस्त्रीला शेजारी बसवून. दुसऱ्या गिअरमध्ये पाय टेकेपर्यंत दाबला. काटा शून्य ओलांडून गेला, पाच, सहा, सात, आणि सातवर थांबला. लाल पट्टा तीन खुणा लांब. पाठीवर कुणीतरी हात ठेवून ढकलावं तशी गाडी वर निघाली. पुलाच्या टोकाला पोचल्यावर मिस्त्रीला तिला ब्रेक लावायची आठवण करून द्यावी लागली.

परत येऊन तिने मेट्रनला दाखवायला कागद मागितला. मिस्त्रीने काऊंटरवरची वही ओढली. "काय लिहू?"

"म्हणजे?"

"मेट्रनला दाखवायचाय म्हणालात ना मघाशी. काटा तुम्हीच चुकीचा लावला असं लिहिलं तर तुमची शोभा. लिहितो, नळी फाटली होती, बदलली. ती काय बोनेट उघडून बघणार आहे?"

नळी फाटली होती. किती नेटकं वाक्य. गाडी फाटक्या नळीसकट विकली, म्हणजे दोष लपवला, म्हणजे ती म्हणाली तेच खरं. फेरी राहील. जावईबापूंना तिच्यासमोर वाकावं लागेल, धाकटीच्या देखत. बावीस वर्षांत इतकं गोड काही कुणी तिच्यापुढे ठेवलं नव्हतं. ती त्या वहीकडे बघत राहिली, मिस्त्रीने पेनाचं टोपण काढलं तरी.

"जे झालं ते लिहा," ती शेवटी म्हणाली. "माझ्या हातची चूक आहे. तिचं श्रेय त्याला कशाला देऊ?"

मिस्त्रीने लिहिलं: 'गाडीत दोष नाही. मालकिणीने बूस्ट मीटरचा काटा चालू इंजिनावर शून्य केला होता. बंद इंजिनावर शून्य करून दिला.' खाली सही. शेवटच्या वाक्यातलं 'करून दिला' खोडून तिने वर 'केला' लिहायला लावलं, कारण तो तिने स्वतः केला होता.

गाडीत बसून तिने धाकटीच्या नवऱ्याला फोन लावला.

"जावईबापू, गाडी चांगली आहे. काटा मी चुकीचा बसवला होता."

पलीकडे तोंड भरून हसू. "काय सांगताय! अगं, ऐकलंस का? मग ताई, कधी येताय? चप्पल काढायची आहे ना?"

"निघालेच होते. गाडी सुरू केली होती."

"मग या की. माफी मागा, चहा प्या."

"मागितली असती. तुम्ही हसायच्या आत मागितली असती. आता राहू द्या." ती थांबली. "आणि ते डावीकडचे आकडे माझ्याच कामाचे होते. तेवढं त्या दिवशी सांगितलं असतंत तर हे झालं नसतं. धाकटीला फोन द्या."

धाकटी फोनवर आली. सिस्टर तिला म्हणाली, "काल तुला बोलले ते चुकलं." धाकटीने नुसतं "हं" म्हटलं आणि फोन ठेवला. एवढ्याने भागणार नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

सोमवारी सकाळी सिस्टर आठला नऊ कमी असताना माथ्यावर पोचली. गार्डसाहेबांनी घड्याळ कानाला लावून बघितलं, चालतंय ना म्हणून. दुपारी ती मेट्रनच्या टेबलापुढे उभी राहिली आणि मिस्त्रीचा कागद ठेवला. मेट्रनने तो दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी वाचताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते सिस्टरने आधीच ओळखून ठेवलं होतं.

"म्हणजे तुमच्या लेखी खुलाशात मेहुण्यांवर जो आरोप आहे तो खोटा."

"चुकीचा. खोटा नाही. लिहिला तेव्हा मला खरा वाटत होता."

"आणि आमच्या बीपीच्या यंत्रांचे काटेही तुम्हीच बसवता."

"हो."

"असेच?"

दाराशी ब्रदर होता. तो कधी आला हे कुणी पाहिलं नव्हतं. सिस्टरच्या कानशिलांवरून गरम वाफ गेली. गाडीबद्दल कुणी काहीही बोलो, पण या प्रश्नाने अकरा वर्षांत टेकडीवर मोजलेलं प्रत्येक बीपी टेबलावर येऊन पडलं होतं. काटे चुकीचे निघाले, तर तिला वॉर्डातसुद्धा कुणी उभं करणार नव्हतं.

"सातही मागवा," ती म्हणाली. "पाऱ्याची पट्टी मागवा. मी हात लावणार नाही. आकडे ह्याला वाचू दे."

यंत्रं आली. मेट्रनने स्वतः फुगा दाबला. ब्रदर वाकून वाचत गेला, आधी पाऱ्यावर, मग डायलवर. शंभर, शंभर. दीडशे, दीडशे. एकशे ऐंशीला एक डायल दोनने कमी. पुढची. पुढची. त्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. सातव्या यंत्राला त्याने आकडा सांगितला आणि पुन्हा एकदा नजर लावून पाहिला, त्यात काही बदल होतो का म्हणून.

"दोनचा फरक चालतो," तो शेवटी कुरकुरला.

मेट्रनने पट्टा गुंडाळला. आपलं कुठे चुकलं नाही आणि समोरच्याचंही नाही, अशा वेळी साहेबमंडळींना जो राग येतो तो तिला आला होता. "ठीक आहे. चौथी चिठ्ठी नाही, तर टेकडी तुमच्याकडे. पण तुमच्या शब्दावर मी आता नुसती विसंबणार नाही. पंधरा दिवस ब्रदर तुमच्याबरोबर वर येतील. वेळा लिहितील, रस्ता आणि रुग्ण शिकून घेतील. त्यानंतर ठरवू."

सिस्टरने विरोध केला नाही. विरोध केला असता तर तो आजच वर गेला असता, एकटा.

मंगळवारी सव्वासातला थंड पेटी मागच्या सीटवर ठेवून तिने गाडी सुरू केली. ब्रदर शेजारी बसला, मांडीवर वही, कानामागे पेन. तेलाचा वास गाडीभर झाला; तिने काच खाली केली. डायलचा काटा डावीकडे सहावर उभा होता. ब्रदरने त्याच्याकडे बोट केलं.

"सिस्टर, हा शून्यावर नाहीये."

"वहीत लिही," ती म्हणाली.

तिसऱ्या वळणाशी चढ अंगावर आला. समोर दुधाची गाडी घरघरत होती. सिस्टरने खालचा गिअर टाकला आणि पाय दाबला. काटा शून्यावरून उडी मारून सातकडे निघाला, गाडीने दुधाच्या गाडीला बाजूला टाकलं, आणि ब्रदरची वही मांडीवरून त्याच्या पायांत गेली. त्याने एका हाताने दाराची मूठ धरली आणि दुसऱ्या हाताने केस.

"सिस्टर, हळू! अहो, हळू!"

"हळू गेले," सिस्टर चौथं वळण घेत म्हणाली, "म्हणूनच तू आज या सीटवर बसलायस."